घरच्या सरपणासाठी लाकूड फोडायचं मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाडीवाल्यांसाठी आहे. घरी बंब आहे, मागीलदारी चूल आहे, कलमांची छाटणी नाहीतर पडझड दरवर्षी होते आणि लाकडं फोडायला गडी मिळत नाही, अशा घरांसाठी. मशीनच्या जाहिरातीत ‘टन’, म्हणजे मशीनचा जोर, मोठ्या अक्षरात छापलेले असतात. माझं मत असं की टन शेवटी बघावेत. आधी आपलं लाकूड, त्याची लांबी आणि घरातला विजेचा पॉइंट बघावा. निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होऊन जातो.

मुळात मशीन घ्यावं कोणी?

बंबाला रोज चार ढलप्या आणि सणावाराला चूल, एवढाच खप असेल तर घेऊ नये. धड कुऱ्हाड, दोन लोखंडी पाचरी आणि पाच किलोचा घण पुरतो. वर्षाला दोन-तीन टन लाकडापर्यंत हातानेच भागतं.

पाहुण्यांना रोज आंघोळीचं पाणी द्यायचं असेल, घरी उकड्या तांदळासाठी भात उकडत असाल, काजू भाजण्याचा किंवा आंब्याच्या रसाचा छोटा धंदा असेल, तर हिशेब बदलतो. आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यात खरं वाटतं. पोरं मुंबईला, घरी सत्तरीचे आईवडील, आणि घण उचलण्याची कोणाचीच ताकद नाही. अशा घरात वर्षाला टनभरच लाकूड लागत असलं तरी मशीनचा विचार करायला हरकत नाही.

आमचे बाबा म्हणतात, कुऱ्हाड असताना मशीन कशाला? त्यांना काय सांगू?

बाबांचं बरंचसं बरोबर आहे. फक्त त्यांच्या हातात कुठली कुऱ्हाड आहे ते बघा. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ असते. ती लाकडात रुतते, फोडत नाही. फोडायला जाड पात्याची, वजनदार कुऱ्हाड लागते, म्हणजे ती आत शिरताना लाकूड दोन्ही बाजूंना ढकलते. ओंडक्याच्या तोंडावर उन्हाने पडलेल्या भेगा दिसतात, घाव त्या भेगेच्या रेषेत घालायचा. मोठा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नये, कडेने ढलपे काढत यावं. एवढं सांभाळलं तर सुरूचं झाड, अकेशिया आणि सरळ वाढीचा आंबा हाताने फुटतो. उरतात ते गाठीचे बुंधे, आणि मशीनची खरी गरज तिथेच पडते.

बाजारात प्रकार कोणते आहेत?

हाताने किंवा पायाने पंप मारायची हायड्रॉलिक मशीनं सगळ्यात साधी. गाडीच्या जॅकसारखंच काम: दांडा हलवा, लाकूड ढकलणारी दांडी पुढे सरकते, ओंडका पाचरीवर दाबला जातो. हळू असतात, पण वीज नको, आवाज नाही, बिघडायला फारसं काही नाही. कमी खपाच्या घराला मी हेच सुचवतो. लोकांना ते आवडत नाही, कारण बघायला भारी वाटत नाही.

त्यानंतर सिंगल फेज विजेवर चालणारी. मोटर साधारण १५०० ते २२०० वॅट, जोर पाच ते सात टन. घरगुती वापरात जास्त करून हीच दिसतात.

पेट्रोल इंजिनची मशीनं बरीचशी वीस टनांच्या वर असतात. उभी-आडवी दोन्ही करता येणारी मिळाली तर बघा, कारण जड ओंडका उचलून ठेवावा लागत नाही. ट्रॅक्टरला मागे जोडायचीही येतात. पॉवर टिलरला मात्र बहुधा हायड्रॉलिक जोडणीच नसते, तेव्हा ‘टिलरला लागेल’ असं कोणी म्हणालं तर लावून दाखवायला सांगा.

फ्लायव्हीलवर चालणारी मशीनंही आहेत. जड चाकं फिरतात आणि त्यांच्या वेगाने दांडी एका झटक्यात पुढे जाते. सरळ धाऱ्याच्या, म्हणजे सरळ रेषांच्या, लाकडाला झकास. पण पीळदार लाकडात ती अडकतात आणि आपल्याकडची निम्मी लाकडं पीळदार.

किती टनांचं घ्यावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

टन म्हणजे दांडी किती जोराने ढकलते. तो आकडा दोनच गोष्टींवर ठरतो: सिलिंडरचा आतला व्यास आणि तेलाचा दाब. हिशेब घरी करता येतो. व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने गुणा, मग बारमधल्या दाबाने गुणा. उत्तर जवळपास किलोत येतं. उदाहरणार्थ १० सेंमी व्यास आणि २०० बार दाब: १० × १० × ०.७८५ × २०० म्हणजे १५,७०० किलो, पावणेसोळा टन. आता त्याच मशीनवर कोणी ‘३० टन’ असं स्टिकर लावलं असेल तर ते स्टिकरच तेवढं दमदार आहे. दुकानात गेल्यावर ‘बोअर किती, प्रेशर किती’ हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

सात टनांच्या मशीनला २०० बारवर साधारण साडेसहा-सात सेंमी व्यासाचा सिलिंडर लागतो. एवढ्या जोरात वीतभर जाडीचा, सरळ वाढीचा ओंडका सहज फुटतो. हातभर जाडीच्या गाठीच्या बुंध्याला वीस टनसुद्धा कधी कधी कमी पडतात, आणि असे बुंधे घरात वर्षाला किती निघतात? दोन-चार बुंध्यांसाठी तिप्पट पैसे मोजण्यापेक्षा ते चेनसॉने उभे चिरून घ्यावेत.

आणखी एक गोम. मोटर तीच ठेवून जोर वाढवला की वेग कमी होणारच. २२०० वॅटची मोटर सात टनांचा पूर्ण जोर लावताना दांडी सेकंदाला जेमतेम तीन सेंमी सरकवू शकते. म्हणून बऱ्या मशीनमध्ये दोन टप्प्यांचा पंप असतो: लाकडाला टेकेपर्यंत भरभर, टेकल्यावर हळू आणि जोरात. ‘जास्त टन, जास्त वेग, मोटर तीच’ असा दावा दिसला तर दोनातलं एक खोटं आहे.

‘५२ सेंमी’ असं लिहिलेलं असतं, ते काय?

मशीनमध्ये मावणाऱ्या ओंडक्याची लांबी. हे फार कोणी बघत नाही आणि नंतर पस्तावतात.

ही मशीनं ज्या थंड देशांतून आली तिथे लाकूड बंद शेगडीत जळतं, म्हणून ते हातभर लांबीचं कापतात. आपल्या चुलीचं लाकूड दोन ते अडीच फुटांचं, म्हणजे ६० ते ७५ सेंमी. पुढचं टोक जळत जातं तसं आपण मागून सारत जातो. ५२ सेंमीच्या मशीनमध्ये ते मावतच नाही. मग एकतर सगळं लाकूड दीड फुटावर कापायची सवय लावून घ्या, नाहीतर जास्त लांबीचं मशीन शोधा. आखूड कापलं तर चेनसॉचे काप वाढतात, पेट्रोल वाढतं, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईला सारखं लाकूड घालत राहावं लागतं. मशीन घेण्याआधी तिला विचारा. बहुतेक घरांत विचारत नाहीत.

आमच्याकडे व्होल्टेज कमी असतं. विजेवरचं मशीन चालेल का?

चालेल, पण नीट जोडलं तर.

२२०० वॅटची मोटर २३० व्होल्टला साधारण दहा अँपिअर ओढते, आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-पाच पट. म्हणजे मोबाइल चार्जरचा छोटा पॉइंट नको. गिझरला लागतो तो १६ अँपिअरचा, धड अर्थिंग असलेला पॉइंट हवा.

खरा घात एक्स्टेन्शन बोर्ड करतो. घरातून खळ्यापर्यंत ३० मीटर वायर ओढायची, आणि तीही मांडवाच्या लायटिंगची बारीक! दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्या अंतरावर सुरुवातीलाच ३० ते ३५ व्होल्ट गळतात. मोटर घुमते, फिरत नाही, आणि दोन-चार वेळा असं झालं की वाइंडिंगचा वास येतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि जमेल तितकी आखूड ठेवा. गुंडाळी पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापते.

डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या घरात संध्याकाळी १९० व्होल्ट मिळत असतील, तर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. १९० ला तो दोन तृतीयांशच राहतो. तेव्हा लाकडं सकाळी फोडावीत. भर दुपारी कोणी फोडणार नाहीच.

जनरेटरवर चालवायचं असेल तर मोटरच्या वॅटच्या दुप्पट तरी क्षमतेचा जनरेटर लागेल.

कोणती लाकडं फुटतात, कोणती नाहीत?

सुरू, अकेशिया: घ्या, फोडा, जाळा. सुरूचं लाकूड जड, धग चांगली आणि धूर कमी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

आंबा फुटतो, पण जुन्या कलमाच्या बेचक्यात धारे एकमेकांत गुंतलेले असतात. फांद्या मशीनला द्या, बेचकं बाजूला ठेवा. निलगिरी ओली असताना फुटते. वाळली की धारे असे आवळतात की पाचर आत जाते आणि लाकूड तिला धरून बसतं. चिंच तर विचारूच नका. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगाच नाही. रोज सत्तूरचे घाव सोसूनही तो फुटत नाही, मग आपल्याकडे कसा फुटेल?

नारळाचा सोट मशीनमध्ये घालू नये. ते सरळ अर्थाने लाकूडच नाही. बाहेर कडक तंतू आणि आत भुसभुशीत गाभा. पाचर आत शिरते, सोट दबतो, तंतू लोंबत राहतात आणि दांडीच्या खाचेत जाऊन अडकतात. सोट करवतीनेच कापावा.

दोन झाडं सरपणात येऊच देऊ नका. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही. आणि बिब्बा. बिब्ब्याचं झाड फोडताना चीक उडाला तर अंगावर उततो, आणि जाळला तर धूर डोळ्यांना आणि कातडीला लागतो. मिश्र लाकडाचा टेम्पो घेताना बिब्बा ओळखणारं माणूस सोबत असावं.

ओलं असताना फोडावं की वाळवून?

ओलं फोडावं, मग वाळवावं. बहुतेक लाकडं ओली असताना कमी जोरात फुटतात. शिवाय सालीतून पाणी फारसं बाहेर पडत नाही. ते कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून जातं. अख्खा ओंडका पावसाळाभर पडवीत ठेवून ‘वाळला’ म्हणणारे खूप आहेत. फोडून बघा, आत ओलाच असतो.

फरक किती? निम्मं पाणी असलेल्या ओल्या लाकडातून किलोमागे जेवढी उष्णता मिळते, त्याच्या दीडपटीहून अधिक वीस टक्के ओलाव्याचं लाकूड देतं. पुन्हा आपल्याकडे सरपण वजनावर विकतात. ओलं घेणारा माणूस पाण्याचे पैसे देतो.

कोकणात कामाचे महिने ठरलेले. कार्तिकात कापायचं, पौष-माघात फोडायचं, चैत्र-वैशाखाचं ऊन द्यायचं आणि आगोटीला, म्हणजे मिरगाच्या आधी, आत घ्यायचं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत नव्वद टक्के दमटपणा असला की वाळलेलं लाकूडही हळूहळू वीस टक्क्यांच्या आसपास ओलावा परत ओढतं, छपराखाली असलं तरी. म्हणून मे महिन्यात ते खडखडीत वाळलेलं हवं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर अजून ऊन पाहिजे.

फिरणारा शंकू असतो ते मशीन स्वस्त आहे. घेऊ का?

नको.

मळसूत्रासारखा टोकदार शंकू मोटरवर फिरतो, लाकूड त्याच्यावर टेकवलं की तो आत घुसतो आणि लाकूड उकलतं. व्हिडिओत जादू वाटते. पण शंकू लाकडात अडकला की लाकूडच गरगर फिरायला लागतं आणि ते धरून बसलेला हात त्याच्यासोबत जातो. पदर, पंचा, बाहीचं टोक, हातमोजा, काहीही त्यात गुंडाळलं जातं. वर्कशॉपमध्ये जुन्या मोटरवर बनवून दिलेल्यांना बहुधा आच्छादन नसतं आणि पटकन बंद करायचं बटणही नसतं. ड्रिलला लावायचे छोटे शंकू मिळतात, तेही मनगट पिरगाळतात. दांडी-पाचरीचं मशीन कळ सोडली की थांबतं. शंकू थांबत नाही.

मग दांडीचं मशीन सुरक्षित आहे ना?

त्यातल्या त्यात. विजेच्या चांगल्या मशीनला दोन्ही हातांनी दोन कळा दाबाव्या लागतात, म्हणजे दांडी चालू असताना हात मध्ये जाऊच शकत नाही. यातली एक कळ दोरीने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे, ‘एका हाताने लाकूड धरता यावं म्हणून’. तसं करणाऱ्याकडे मशीन राहू देऊ नये.

लाकूड ठेवणारा आणि मशीन चालवणारा माणूस एकच असावा. दोघं मिळून काम करतात तेव्हा एकाचं बोट आत असतं आणि दुसऱ्याचं लक्ष बाहेर. डोळ्याला चष्मा, पायात बूट. ओंडक्याची दोन्ही तोंडं सरळ कापलेली हवीत. तिरकं कापलेलं लाकूड जोर आला की उडतं.

अडकलं तर पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तेल तापतं. दांडी मागे घ्या, मशीन बंद करा, ओंडका फिरवून दुसऱ्या बाजूने लावा. चालू मशीनमधल्या ओंडक्यावर घण मारायचा नाही.

आणि वजन. दीड फूट जाडीचा तेवढाच लांब ओला आंब्याचा ओंडका साठ-सत्तर किलोंचा भरतो. कंबर तिथेच जाते, मशीनमुळे नव्हे.

नवीन मशीनमधून पहिल्याच आठवड्यात तेल गळायला लागलं. फसवणूक झाली का?

आधी हवेचा स्क्रू बघा. विजेच्या आडव्या मशीनांना टाकीच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो. काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन आटे सैल करायचा, म्हणजे आतली हवा ये-जा करू शकते. काम झालं की, आणि मशीन हलवण्याआधी, घट्ट करायचा. सैल करायला विसरलं तर कोंडलेली हवा दाबली जाऊन सील फाटतं. विकणारा हे क्वचितच सांगतो.

तेल आपल्या हवामानात ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल चालतं, माहितीपत्रकात वेगळं लिहिलं नसेल तर. इंजिन ऑइल ओतू नये. सील आणि होसपाइप यांची मापं घेण्याआधीच विचारून ठेवा. नेहमीच्या मापाचे असतील तर जेसीबी-ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक दुरुस्त करणारा कोणीही बसवून देईल. खास मापाचे असतील तर एका सीलपायी मशीन गोठ्यात पडून राहील.

बंबाच्या बारीक ढलप्यांसाठी वेगळं काही लागतं का?

बंबाची नळी अरुंद. तिला वीतभर लांबीची, दोन बोटं जाडीची बंबफोड लागते. ती मशीनवर काढायला जाऊ नये, बोटं पाचरीच्या फार जवळ जातात. त्यासाठी लोखंडी कड्यात उलटं बसवलेलं स्थिर पातं मिळतं: लाकूड वरून ठेवायचं आणि हातोडीने ठोकायचं. धार जागेवर राहते, हलते ती हातोडी. गावचा लोहारही करून देईल. माझ्या मते घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोयीचं साधन नाही.

चार घरं मिळून घेतलं तर?

उत्तम. एका घराचं वर्षाचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं, बाकी वर्षभर मशीन धूळ खात बसतं. फक्त आधी तीन गोष्टी ठरवा: तेल-सीलचा खर्च कोण करणार, पावसाळ्यात ते कोणाच्या पडवीत राहणार, आणि दोरी बांधणाऱ्या पाहुण्याला नाही कोण म्हणणार. चाकांचं असेल तर छोट्या टेम्पोतून वाडीभर फिरतं.

आपल्याच बागेतलं झाड आहे, तोडायला परवानगी लागते का?

झाडावर अवलंबून. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, साग अशी झाडं आहेत. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. सुरू, निलगिरी त्या यादीत नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा. कांदळवनाला हात लावू नका, वाळलेलं असलं तरी. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या बागा आडव्या केल्या, तशी पडझड झाली तर ओंडके कापण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या. फोडून झालेल्या झाडाची भरपाई मागता येत नाही.

फोडलेली लाकडं ठेवायची कुठे?

जमिनीपासून फूटभर वर, चिऱ्यांवर आडव्या बल्ल्या टाकून. साल वरच्या बाजूला. भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे मागून वारा जातो आणि वाळवी दिसते. प्लॅस्टिकचा कागद फक्त वरून घाला. चारी बाजूंनी गुंडाळलं तर आत बुरशी धरते.

लाकडं काढताना आधी काठीने हलवा आणि वरून काढा, खालून ओढू नका. फुरसं लाकडाच्याच रंगाचं असतं. पहाटे बंब पेटवायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी हवी. साप चावलाच तर मांत्रिक, चिरा देणं, आवळून बांधणं यात वेळ न घालवता हात हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथे मिळतं.